तापीकाठचा धर्मग्राम

1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या धामधुमीत शहरातल्या एका घराला हात लावायचा नाही, असा खुद्द महाराजांचा हुकूम होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ते घर कापुचिन संघाचे. तिथले प्रमुख होते फादर आंब्रोज, एक फ्रेंच धर्मगुरू. मोगल दरबारी वावरलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्नियर याने ही हकीकत नोंदवून ठेवली. 1666 मध्ये सुरतेत उतरलेला त्याचाच देशबांधव, प्रवासी तेव्हनो, आणखी थोडे सांगतो: आंब्रोज स्वतः महाराजांच्या छावणीवर गेले, गोरगरीब ख्रिस्ती लोकांना उपद्रव होऊ नये म्हणून त्यांनी विनंती केली आणि ती मान्य झाली. दोघांचे तपशील थोडे निराळे आहेत, पण मुद्द्यावर दोघांचे एकमत आहे. बर्नियरच्या मजकुरात याला लागूनच आणखी एका घराचा उल्लेख येतो. ते डच वखारीच्या दिवंगत हिंदू दलालाचे. हा माणूस हयातीत फार दानधर्म करी असे कळले, म्हणून तेही घर वाचले.

फादर आंब्रोज यांच्याविषयी तेव्हनो लिहितो की ख्रिस्ती लोकांमधले तंटे, अगदी व्यापारातलेसुद्धा, त्यांच्यापुढे येत आणि सरकारदरबारीही त्यांच्या शब्दाला वजन होते. सुरत तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. फ्रेंच, पोर्तुगीज, आर्मेनियन अशा नाना जातींची आणि भाषांची माणसे तिथे कामापुरती यायची. अशा गावात तंटा घेऊन जायला एक भरवशाचे घर असणे ही मोठी गोष्ट होती. लुटीच्या दिवशी जी अब्रू कामी आली ती आधीच्या वर्षांत रोजच्या कामातून कमावलेली होती. सुरतेतल्या कॅथलिक धर्मग्रामाचा, म्हणजे चर्चभोवतीच्या स्थानिक समुदायाचा, विचार करताना मला ही गोष्ट पायाभूत वाटते.

सुरत आजही बाहेरून आलेल्यांचे शहर आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती 44 लाखांच्या पुढे गेली होती. हिरे घासण्याच्या घंट्या, यंत्रमाग, साड्यांच्या बाजारपेठा, हजिऱ्याचे कारखाने यांनी माणसे ओढून आणली. जळगाव, धुळे, नंदुरबारची मराठी माणसे तापी खोऱ्याच्या रेल्वेने आली आणि उधना, लिंबायत, दिंडोली भागांत स्थिरावली. याच मार्गावर नवापूर स्टेशन आहे. तिथे फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये. सीमेच्या दोन्ही बाजूंना गावित आणि गामित आदिवासींची वस्ती, त्यांच्यात ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. चर्चच्या कारभारात मात्र नंदुरबार नाशिक धर्मप्रांतात आणि सुरत बडोदा धर्मप्रांतात येते. बडोदा धर्मप्रांत 1966 मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. गुजरातमध्ये सगळे पंथ धरून ख्रिस्ती लोक अवघे अर्धा टक्का आहेत. त्यामुळे सुरतेत नव्याने आलेल्या कॅथलिक कुटुंबाला शेजारीपाजारी आपल्या धर्माचे कोणी भेटेलच असे नाही. वसईत माणूस चर्चच्या सावलीत जन्मतो. सुरतेत त्याला चर्च शोधत जावे लागते.

शोधत आलेला माणूस पहिल्यांदा बहुधा कागदासाठी येतो. मुलाचा बाप्तिस्मा, मुलीचे लग्न, शाळेसाठी दाखला. कॅथलिक चर्चमध्ये माणसाची मूळ नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या वहीत असते. दृढीकरण झाले, लग्न झाले, की ज्या चर्चमध्ये झाले तिथून मूळ धर्मग्रामाला कळवतात आणि त्या जुन्या ओळीशेजारी, समासात, तशी नोंद होते. सुरतेत लग्न लागलेल्या मुलाची ओळ त्याच्या जन्मगावच्या चर्चमध्ये अशी पुरी होते. या व्यवहाराकडे कारकुनी म्हणून पाहू नये. कागद मागायला आलेल्या माणसाला खुर्ची दिली, पाणी विचारले, कुठे राहता, घरी कोण कोण, कामाची पाळी कोणती असे विचारले, तर तो धर्मग्रामात आला. ‘मूळ पत्र आणा, मग बघू’ एवढेच ऐकून परतला, तर पुन्हा कदाचित नाताळलाच दिसेल. 1983 च्या धर्मसंहितेत प्रमुख धर्मगुरूच्या कर्तव्यांत कुटुंबांच्या घरी जाणे आणि त्यांच्या सुखदुःखात वाटेकरी होणे स्पष्ट लिहिले आहे. परदेशी पडलेल्या माणसाची विशेष विचारपूस करावी हेही तिथेच आहे.

भाषेचा प्रश्न त्याहून अवघड. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकात, लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा सुरू झाली. वसईत ती मराठीत झाली आणि चर्च खऱ्या अर्थाने लोकांचे झाले. पण सुरतेसारख्या शहरात लोकभाषा म्हणायची कोणती? गुजराती गावची, इंग्रजी मुलांच्या शाळेची, आणि घरी कोकणी, मल्याळम, तमिळ, मराठी किंवा गामित. धर्मसंहितेत धर्मग्राम साधारणपणे हद्दीने ठरतो, गरज पडल्यास भाषेवरूनही उभारता येतो. स्वतंत्र भाषिक धर्मग्राम मला सुरतेसाठी योग्य वाटत नाही, माणसे आपापल्या कोपऱ्यात जातील. पण महिन्यातून एक मिस्सा आपल्या बोलीत असावी, पापनिवेदन आपल्या भाषेत करता यावे, आजारी आजीला तेलाभ्यंग देताना प्रार्थना तिला समजावी, हा आग्रह रास्तच आहे. मिस्सेनंतर मात्र चहा सगळ्यांचा एकाच पटांगणात व्हावा.

हे सारे एकट्या फादरांकडून होणारे नाही. मुंबई महाधर्मप्रांतात 1980 च्या दशकात लहान ख्रिस्ती समूहांची चळवळ रुजली. बिशप बॉस्को पेन्हा यांनी तिच्यासाठी आयुष्याची वर्षे दिली. वसई तेव्हा मुंबईतच असल्याने मराठी कुटुंबांना ती रीत परिचयाची आहे. एका गल्लीतली, एका इमारतीतली दहा-पंधरा घरे आळीपाळीने एकमेकांकडे जमतात. चटई अंथरायची, मेणबत्ती लावून बायबल उघडायचे. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने घालून दिलेली सात पायऱ्यांची पद्धत साधी आहे: प्रभूला बोलावणे, उतारा वाचणे, मनाला भिडलेला शब्द पुन्हा उच्चारणे, थोडा वेळ गप्प बसणे, मग आपले मन मोकळे करणे. प्रवचन कोणी द्यायचे नाही. सहावी पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते. समूहाने आता काय करायचे, हे तिथे ठरते. दुसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत, त्यांच्याकडे कोण जाणार? अमक्याचा हात मागात सापडला, दवाखान्यात रात्री कोण थांबणार? नावे तिथल्या तिथे ठरतात. धर्मग्रामाचे सल्लागार मंडळ महत्त्वाचे खरे, पण बैठकीच्या इतिवृत्तात अशी नावे सहसा येत नाहीत.

पैशाची मदत लागते तिथे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची रीत उपयोगाची. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली. 1863 पासून ती भारतात आहे. सभासद शक्यतो जोडीने गरजूच्या घरी जातात आणि मदत घेणाऱ्याचा धर्म विचारत नाहीत. वसईने याच्याही पुढचे पाऊल टाकले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून आणि हरित वसईच्या लढ्यातून पाणी, जमीन, झाडे हे सगळ्या गावाचे प्रश्न धर्मग्रामाच्या अंगणात आणले आणि हिंदू शेजारी त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. सुरतेतही तापीला पूर येतो, तो घर पाहून येत नाही. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाच्या विसर्गाने शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला होता. अशा वेळी कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, कोण अंथरुणाला खिळले आहे, हे ठाऊक असलेला समूह सगळ्या सोसायटीच्या उपयोगी पडतो.

आणखी एक अडचण सुरतेची स्वतःची आहे. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रात्रपाळी करून सकाळी घरी परतलेल्या माणसाला रविवारच्या मिस्सेला आला नाही म्हणून बोल लावणे अन्याय आहे. चर्चने शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारच्या जागी मान्य केली आहे, तिचा उपयोग इथे मनापासून व्हायला हवा. ज्यांना तेही जमत नाही, त्यांच्या खोलीवर पाळी सुटल्यावर समूहातल्या दोघांनी जावे, जाताना घरचा डबा न्यावा. आणि पुढच्या मिस्सेची वेळ ठरवण्याआधी त्याच खोलीत विचारावे की तुम्हाला कधी जमेल.