तिथीची पाऊणपट

अलिबागच्या समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा किनाऱ्यावर उभा राहून मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक शोधत होतो. शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेल्या मावशींनी एकच प्रश्न विचारला, "आज तिथी कुठली?" चतुर्थी होती. "मग तीनला पूर्ण भरती. आत्ता नऊ वाजतायत, पाणी उतरलंय. जा, पण अकराच्या आत परत या." सव्वा अकराला मी किनाऱ्यावरून मागे पाहिलं, तर ज्या वाळूवरून चालत आलो होतो तिच्यावर लाटा आल्या होत्या.

हा हिशेब मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर जुना आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, दिवस असो की रात्र, गणित तेच. भरतीपासून साधारण सहा तासांवर ओहोटी.

हे पाऊण येतं कुठून, याचा विचार करत मी बरेच दिवस काढले, आणि उत्तर सापडलं तेव्हा त्याच्या साधेपणाने चकित झालो. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. पृथ्वीला स्वतःभोवती एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. म्हणजे एका तिथीत चंद्र जेवढा पुढे जातो, तेवढं त्याला गाठायला पृथ्वीला बारा चोक अठ्ठेचाळीस मिनिटं जास्त फिरावं लागतं. चंद्र रोज जवळपास तेवढाच उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच उशिरा येते. अठ्ठेचाळीस मिनिटांना पाऊण तास म्हणायचं, एवढीच काय ती सवलत. त्या तीन-तीन मिनिटांची कसर पंधरा तिथींत पाऊण तासाची होते. म्हणून पौर्णिमेला पाऊणपट सव्वाअकरा सांगते, आणि मुंबईत प्रत्यक्ष भरती बाराच्या आसपास येते. ज्यांनी हा हिशेब बांधला त्यांना पृथ्वी फिरते की आकाश, याच्याशी कर्तव्य नव्हतं. पण पृथ्वीचं वळणं आणि चंद्राचं पुढे सरकणं या दोन्ही गती त्या एका अपूर्णांकात आल्या आहेत.

सूर्य चंद्राच्या सुमारे पावणेतीन कोटी पट जड आहे. तरी समुद्रावर हुकूम जास्त चंद्राचा चालतो. भरती उठवणारं ओढीचं बळ अंतराच्या घनाने घटतं आणि सूर्य चंद्राच्या जवळपास चारशे पट दूर आहे, त्यामुळे त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी पडतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात, वाटे जोडले जातात आणि समुद्राला उधाण येतं. अष्टमीला ते काटकोनात असतात, एकाचा वाटा दुसऱ्यातून वजा होतो. त्या मंद पाण्याला आपल्याकडे भांगाची भरती म्हणतात.

आता पाऊणपटीचा हिशेब उधाणाला लावून पाहा. मुंबई-अलिबागकडे मोठी भरती कायम दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपासच येणार, आणि सगळ्यात खोल ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. वर्षाचे बारा महिने, पिढ्यान्पिढ्या. कालवं फोडायला, तिसऱ्या-शिंपल्या गोळा करायला बाया अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास झुंजूमुंजू होताच खडकांवर उतरतात, त्यामागे हे आहे. एरवी पाण्याखाली असलेले खडक तेव्हाच उघडे पडतात, आणि डोक्यावर ऊन नसतं. दुसऱ्या किनाऱ्यावर हाच योग जुळेल असं नाही. प्रत्येक बंदराचा भरतीचा उशीर त्या किनाऱ्याच्या आणि समुद्रतळाच्या घडणीवर ठरतो. आपल्याच किनाऱ्यावर दक्षिणेकडे भरतीची वेळ थोडी अलीकडे येते आणि तिची उंचीही उतरते. गोव्यात उधाणाचं पाणी दोन-सव्वादोन मीटर चढतं-उतरतं, मुंबईत त्याच्या जवळपास दुप्पट, आणि खंभातच्या आखाताच्या निमुळत्या नरसाळ्यात भावनगरला तर दहा मीटरच्या घरात.

डोल जाळं लावणाऱ्या कोळ्यांचा धंदा तर सरळ या वेळापत्रकावर चालतो. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या आधाराला बांधलेली लांबलचक पिशवी. तिला कोणी ओढत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील आणि कोळीम तिच्या तोंडात आणून सोडतो. उधाणाला प्रवाह जोराचा, जाळं भरतं. भांगाला पाणी सुस्त, जाळंही सुस्त. कोळीवाड्यात पंचांग देवघरातच नव्हे, होडीच्या कामातही लागतं ते असं. मिठागरांत खारं पाणी घ्यायचं ते उधाणाच्या भरतीला. गोव्याच्या खाजन शेतीत बांधाला लाकडी झडपांची दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. भरतीचं पाणी दाबतं आणि झडप आपोआप मिटते. ओहोटीला आतलं पाणी जड होतं आणि ती उघडते. खाऱ्या पाण्याच्या काठावर भाताचं शेत राखणारा हा दरवान चंद्राच्या ओढीवर चालतो. कोकणातल्या खारभूमीच्या उघाड्यांचं तत्त्व तेच.

मुंबई मात्र हे तत्त्व फार महागात शिकली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्या दुपारी समुद्राला भरती होती. पर्जन्यवाहिन्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली गेली की शहराचं पाणी समुद्रात उतरत नाही. खाडीकाठची तिवरं आणि खाजणं भरतीचं पाणी आत घेऊन पसरवत होती. त्यांच्यावर भराव पडले, मिठी नदी अरुंद झाली. पाऊस कधी कोसळेल ते नेमकं सांगणं आजही कठीण आहे, पण भरती कधी येईल ते वर्षभर आधी मिनिटासह सांगता येतं. जे इतकं नक्की माहीत आहे तेच विसरून शहर बांधलं गेलं, याचं मला आजही दुःख होतं.

समुद्र चंद्राच्या चालीने जातो, ऋतू सूर्याच्या. अडचण अशी की या दोन चाली एकमेकींत बसत नाहीत. अमावास्या ते अमावास्या सरासरी २९.५३ दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सौर वर्ष मात्र तीनशे सव्वापासष्ट दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. दिवाळीच्या तारखा आठवून पाहा. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ साली १ नोव्हेंबरला, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. असंच चालू दिलं असतं तर काही वर्षांत आकाशकंदील भर पावसात टांगावे लागले असते. २०२६ साली ज्येष्ठ अधिक धरला की दिवाळी उडी मारून ८ नोव्हेंबरला येते. हिजरी कालगणनेत ही भर घालत नाहीत, म्हणून रमजान साधारण तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. त्यांनी चंद्र निखळ ठेवला, आपण चंद्राला सूर्याशी बांधून ठेवलं.

अधिक महिना ठरवायचा नियम मला फार देखणा वाटतो. ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत येत नाही, तो अधिक. सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी असा महिना येतो, एकोणीस वर्षांत सात. पण अधिक पौष कोणी अनुभवलाय का? पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर असतो, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात दूर, १५.२१ कोटींवर. जवळ असताना पृथ्वी वेगाने धावते, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य एक रास साडेएकोणतीस दिवसांच्या आतच ओलांडतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला मिथुन राशीत त्याला साडेएकतीस दिवस लागतात. संक्रांतींमधलं अंतर मोठं असेल तिथेच अख्खा चांद्रमास मावणार. म्हणून अधिक महिने बहुधा चैत्र ते आश्विन याच पट्ट्यात पडतात. सासरी अधिकाचं वाण येतं तेही या दिवसांतच. ग्रहांची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे केप्लरने १६०९ साली छापलं. तिचा परिणाम मात्र आपल्या सणावारांत त्याच्या कितीतरी आधीपासून उमटत होता.

यावरून एक गैरसमजही निकालात निघतो. आपण सूर्यापासून दूर असतो ते जुलैत आणि जवळ असतो ते पौषातल्या थंडीत. ऋतू अंतराने होत नाहीत. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून होतात. महाराष्ट्र पूर्ण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य आपल्या डोक्यावरून वर्षातून दोनदा जातो. सावंतवाडीकडे मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत दोन दिवसांनी, नागपूरला २६ मेच्या आसपास. त्या दुपारी उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी नाहीशी होते. मुलांना अंगणात काठी रोवून हे दाखवावं. त्यासाठी दुसरं साधन लागत नाही. परतीचा सूर्य जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा वर ढग असतात आणि सावलीच नसते, मग तिचं नाहीसं होणं कोण पाहणार?

ते ढग आणणं हेही कललेल्या आसाचंच काम. उत्तरेकडे सरकलेल्या सूर्याने भूखंड तापतो, हवेचा दाब उतरतो आणि विषुववृत्तापलीकडून वारे इकडे निघतात. पृथ्वी फिरती नसती तर ते सरळ उत्तरेला आले असते. तिच्या फिरण्यामुळे विषुववृत्त ओलांडताच ते उजवीकडे वळतात, नैर्ऋत्येचे होतात आणि अरबी समुद्रावरची वाफ घेऊन सह्याद्रीवर आदळतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि घाटामागे माण-खटावला पाचशेच्या आसपास, हा पुढचा हिशेब डोंगराचा.

आपला शेतकरी हा पाऊस नक्षत्रांवर मोजतो. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आणि शेवटी हत्ती. मृग लागतो ७-८ जूनला, आणि मुंबईत पावसाची सरासरी तारीख ११ जून धरतात. जोडी इतकी छान जमली आहे की ती कायमचीच वाटते. ती कायमची नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं घेतो. त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षाहून वीस मिनिटांनी मोठं भरतं, आणि साधारण एकाहत्तर वर्षांत दोघांत एक दिवसाचं अंतर पडतं. पाऊस आसाच्या कलण्याने येतो, मृग ताऱ्यांनी ठरतो. वराहमिहिराच्या काळी, सहाव्या शतकात, आजच्या कॅलेंडरने मोजलं तर मृग मेच्या मध्याच्या सुमारास लागत होता. मकर संक्रांतही अशीच सरकली. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला आणि तिळगूळ आपण वाटतो १४-१५ जानेवारीला.

हे सगळं मराठीत नीट मांडणारा माणूस दापोलीजवळच्या मुरूडचा होता. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली निघाला, आणि दोनच वर्षांत ते गेले. त्यांचा कौल ऋतूंशी बांधलेल्या सायन पंचांगाला होता. त्याच विचाराने मेघनाद साहांच्या समितीने राष्ट्रीय दिनदर्शिका आखली. ती २२ मार्च १९५७ पासून लागू आहे. राजपत्रावर तिची तारीख छापली जाते, पण घराघरांत ती पोचली नाही. माझं मत विचाराल तर सण आहेत तिथेच असू द्यावेत, कारण चंद्र पाहून ठरलेला सण चंद्र पाहूनच करण्यात आनंद आहे. पेरणी मात्र मृगाच्या नावावर करू नये. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला, रोहिणी नक्षत्र नुकतंच लागलं होतं. जमिनीची ओल आणि हवामानखात्याचा अंदाज बघून तिफण धरावी, हे शहाणे शेतकरी सांगतातच.

झाडं मात्र पंचांग पाहत नाहीत, रात्र मोजतात. मुंबईत सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा आणि मोठा सव्वातेरा तासांचा. एवढा थोडा फरकही शेवंतीला कळतो; रात्र पुरेशी लांबली की ती कळ्या धरते. भाताच्या कितीतरी जुन्या उंच जाती अशाच. लावणी पंधरवडाभर पुढेमागे झाली तरी दिवस आखूड होऊ लागल्यावर त्या बरोबर एकाच सुमारास निसवतात. पाऊस लहरी, पण दिवसाची लांबी कधी फसवत नाही, म्हणून त्यांनी तिच्यावर भरवसा ठेवला.

आसाचं डुलणं फक्त पंचांग सरकवून थांबत नाही. आज पृथ्वी सूर्याजवळ जानेवारीत जाते. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी ती जूनच्या आसपास जवळ जात होती. उत्तर गोलार्धाचा उन्हाळा तेव्हा जास्त तापायचा आणि मोसमी वारे आजच्याहून जोरदार होते. याची नोंद अरबी समुद्राच्या तळाशी आहे. वारे जोराचे असले की ओमानच्या किनाऱ्याजवळ खोल, थंड, सकस पाणी वर येतं, त्यात सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांची कवचं गाळात बसतात. तळातून काढलेल्या गाळाच्या नळ्यांत ती कवचं कुठे दाट, कुठे विरळ दिसतात. कक्षा आणि आसाच्या या बदलांचं गणित सर्बियाच्या मिलुटिन मिलान्कोविचने पहिल्या महायुद्धात नजरकैदेत असतानाही सोडलं नव्हतं.

आणि चंद्र? तो दरवर्षी ३.८ सेंटिमीटरने दूर जातोय. अपोलोच्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या आरशांवर लेझर पाडून हे मोजतात. भरतीचं पाणी तळाशी आणि किनाऱ्याशी घासतं, त्या घर्षणाने पृथ्वीचं फिरणं मंदावतं आणि तिने गमावलेला वेग चंद्राला बाहेर ढकलतो. अलिबागच्या त्या वाळूवर चढणाऱ्या पाण्याचाही यात कणभर वाटा आहे. १९६३ साली जॉन वेल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांवरच्या बारीक रेघा मोजल्या. प्रवाळ रोज एक रेघ वाढवतो. वर्षाच्या वाढीत रेघा निघाल्या चारशेच्या आसपास. वर्ष तेवढंच होतं, दिवस लहान होता, बावीस तासांच्या आतला. त्या समुद्रातही उधाण येत होतं आणि भांग येत होता, पण तिथीची पाऊणपट तिथे जुळली नसती.