बारा रुपयांचं फुलपात्र : खरी चांदी आणि मुलामा ओळखताना

मंडळाच्या बैठकीला कुणी ना कुणी जुनी वस्तू पिशवीतून घेऊन येतं आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ही खरी चांदी आहे का हो?" बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांतून, जुन्या बाजारातून अशा वस्तू अजूनही निघतात. मी काही सोनार नाही. पण आत्याच्या घराची आवराआवर करताना आमच्याकडून मोठी चूक होता होता राहिली. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो.

आत्याचं दांडिया बाजारातलं घर रिकामं करताना दोन वस्तू पुढे आल्या. एक चकचकीत तबक, मागे इंग्रजी अक्षरांचे छोटे शिक्के. दुसरं काळंकुट्ट फुलपात्र, त्यावर काहीच खूण नाही. तबक विलायती चांदीचं, असं घरात सगळे धरून चालले होते. फुलपात्र मात्र "जर्मन असेल" म्हणून भंगाराच्या ढिगात गेलं होतं. दोन्ही अंदाज चुकले.

आधी तबकाचं बघू. शिक्के भिंगाखाली वाचले तर अक्षरं निघाली ई.पी.एन.एस. म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. आपल्याकडचे गुजराती शेजारी ज्याला 'ढोळ' म्हणतात तो. निकेल सिल्व्हर म्हणजेच जर्मन सिल्व्हर. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदी औषधालाही नसते. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि अशी भांडी स्वस्त झाली. 'ए१' हा शिक्काही मुलाम्याच्या प्रतीचा, चांदीच्या शुद्धतेचा नव्हे. कारखानदार ही अक्षरं छोट्या ढालींत, चौकटींत अशी बसवत की लांबून हॉलमार्कच वाटावा.

खऱ्या इंग्लिश चांदीवर पंजा उचलून चालणारा सिंह असतो. तो ९२.५ टक्के चांदीची खूण. सोबत तपासणीच्या शहराचं चिन्ह (बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर, लंडनचं बिबट्याचं मुंडकं), सालाचं एक अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं.

आपल्या देशी भांड्यांना मात्र हा नियम लावू नका. इथे सोनाराकडून घडवून घेतलेल्या भांड्यावर सरकारी शिक्का नसायचाच. भुजच्या ओमरसी मावजींसारखे आपली खूण उमटवणारे कारागीर थोडे. म्हणून शिक्का नाही याचा अर्थ चांदी नाही, असा होत नाही.

मग डोळ्यांनी काय बघायचं? जिथे हात, जमीन आणि राख जास्त लागते त्या जागा : बुडाची कड, काठ, कडीचा सांधा, चमच्याची पाठ. तिथे मुलामा आधी झिजतो आणि खालून लालसर तांबं किंवा पिवळट धातू डोकावतो. आमच्या तबकाच्या काठावर असा पिवळा पट्टा होताच, आम्ही त्याला डाग समजत होतो. काळं पडणं ही मात्र खूण नव्हे. मुलामाही चांदीचाच, तोही काळवंडतो. लोहचुंबकाने फक्त लोखंड कळतं. पितळ, तांबं, जर्मन सिल्व्हर यांपैकी कशालाच तो चिकटत नाही. आणि जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यावरची पांढरी झाक बहुतेकदा कल्हई असते, म्हणजे कथील.

आता फुलपात्र. इथे घरच्या घरी करता येणारी पाण्याची परीक्षा कामी आली. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. वस्तूचं कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं हलकं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल अशी लटकवा. ती तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका, बुडबुडे झटकून टाका. आता जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर त्या वस्तूचं आकारमान. वजनाला त्याने भागा. शुद्ध चांदी सुमारे १०.५, थोडं तांबं मिसळलेली १०.२ ते १०.४, तांबं ८.९, जर्मन सिल्व्हर ८.७ च्या आसपास.

फुलपात्राचं वजन १३९ ग्रॅम, पाण्यात आकडा १३.५. भागाकार १०.३! जर्मन असतं तर पाण्यात १६ ग्रॅम दिसले असते.

तेव्हा आत्येभाऊ म्हणाला, "अरे, आई याला बारा रुपयांचं फुलपात्र म्हणायची." आम्ही ती किंमत समजत होतो. इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, बारात अकरा भाग चांदी. असे बारा रुपये म्हणजे १४० ग्रॅमला जरासे कमी. रुपये सोनाराला देऊन भांडं घडवून घेण्याची रीत होती. हे फुलपात्र तसंच झालं असावं, असं मला वाटतं. पुराव्याचा कागद नाही, पण वजन, घनता आणि आत्याचा शब्द तिन्ही जुळतात.

पाण्याच्या परीक्षेलाही मर्यादा आहेत. आत पोकळ, लाख किंवा राळ भरलेल्या, लाकडी मुठीच्या वस्तूंना ती चालत नाही. शिसं चांदीपेक्षा जड असल्याने भेसळीत आकडा फसवू शकतो. क्ष-किरण यंत्रही मुख्यतः वरचा थर वाचतं. जाड मुलाम्याला ते चांदी म्हणू शकतं. म्हणून खूण, झीज आणि वजन तिन्हींची साक्ष एकत्र घ्या.

आणि एक विनंती. खात्री करायची म्हणून लगेच कानस लावू देऊ नका. आमच्या पंचपात्रीच्या काठाला मी एकदा तशी खाच पाडून घेतली. चांदी खरीच निघाली, खाच मात्र कायमची राहिली. दंतमंजन, चिंच लावून घासूही नका. मुलामा असेल तर तो तेवढ्यानेही उडतो.

तबकही आम्ही टाकलं नाही. काळजीपूर्वक पुसल्यावर मागे आत्याच्या यजमानांचं नाव आणि निवृत्तीची तारीख कोरलेली दिसली. धातूच्या भावात त्याला किंमत नाही. पण कुणी, कुणाला, कधी दिलं हे ज्यावर लिहिलेलं आहे, अशी त्या घरातली ती एकच वस्तू आहे.