मोहावेच्या वाळूतले तपकिरी डोळ्याचे फूल

कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात उन्हे कलली की ब्राउन-आइड प्रिमरोजची पांढरी फुले उमलू लागतात. चार पाकळ्या, मधोमध तपकिरी डोळा. इव्हिनिंग प्रिमरोजच्या कुळातली ही वर्षायू वनस्पती. आपल्या भातखाचरांत दिसणारी लुडविजियाही याच कुळातली.

शोधप्रवासी जॉन फ्रेमाँट यांच्या १८४३-४४च्या मोहिमेने आणलेल्या नमुन्यांवरून १८४५ मध्ये या फुलाचे शास्त्रीय वर्णन झाले. ईनोथेरा प्रजातीतून वनस्पतिशास्त्रज्ञ पीटर रेव्हन यांनी ते १९६४ मध्ये कॅमिसोनियात नेले. २००७ मध्ये याच रेव्हन यांनी वॅग्नर आणि हॉक यांच्यासह आपली जुनी मांडणी मोडून त्याला कायलिस्मिया प्रजातीत ठेवले. नवा पुरावा आल्यावर स्वतःचेच काम दुरुस्त करण्याचा हा मोठेपणा विज्ञानातही सहज दिसत नाही.

साठच्या दशकात लिन्सली आणि मॅकस्वेन या कीटकशास्त्रज्ञांनी रेव्हन यांच्यासोबत या कुळातल्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांचा अभ्यास केला. या फुलांचे परागकण चिकट धाग्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात. काही एकांड्या मधमाश्यांच्या पायांवरचे विरळ, लांब केस नेमके असेच पराग वाहून नेण्याजोगे असतात.

ही फुले कधी आणि कशी रुजतात याचा उलगडा मात्र त्याआधी, चाळीसच्या दशकात, वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी सुरू केला होता. वाळवंटातल्या वर्षायू वनस्पतींचे बी हलक्या सरीने रुजत नाही. त्याला साधारण इंचभर तरी पाऊस लागतो. वेंट यांनी मातीला कधी वरून, पावसासारखे पाणी दिले, तर कधी खालून मुरवले. ओल दोन्हीकडे होती, तरी कोंब फुटले ते वरून पाणी पडले तिथेच. बियांमधली रुजवण रोखणारी द्रव्ये वरून झिरपणाऱ्या पाण्यानेच धुऊन जातात. केवढी सावध योजना! शिवाय सगळे बी एकदम रुजत नाही. काही पुढच्या वर्षांसाठी मातीतच राहते.

मोहावेतल्याच डेथ व्हॅलीत १९९८, २००५ आणि २०१६ मध्ये महाबहर आले, म्हणजे भरपूर बी एकाच वेळी रुजून वाळवंट फुलांनी भरून गेले. २०१६चा बहर ऑक्टोबर २०१५च्या मुसळधार पावसाने घडवला. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाने तिथे एका दिवसात २.२ इंच, म्हणजे जवळपास वर्षभराचा पाऊस पाडला. तरी २०२४चा वसंत महाबहराचा ठरला नाही. हिवाळ्यात वाढणाऱ्या या रोपांना शरद ऋतूतली भरपूर ओल आणि त्यानंतर हिवाळाभर अधूनमधून सरी लागतात. ऑगस्टच्या भट्टीत कोसळलेले पाणी त्यांच्या कामाचे नसते.