पाण्यात उतरताना गाडीची चावी कुठे ठेवायची?

मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून किंवा तारकर्ली-देवबागहून स्कूबासाठी होडीत बसणाऱ्या माणसाजवळ जेमतेम अंगावरचे कपडे असतात. पाकीट, मोबाईल, चष्मा, घड्याळ हे सगळे गाडीत ठेवून गाडी बंद करता येते. गाडी ज्या वस्तूने बंद करायची ती वस्तू मात्र आत ठेवता येत नाही. मग चावी होडीवाल्याच्या हवाली होते, न्याहारी निवासाच्या मालकाकडे राहते, टपरीवरच्या डब्यात पडते किंवा पुढच्या चाकावर, मडगार्डच्या आत लपवली जाते. शेवटची जागा सगळ्यांत वाईट, कारण ती सगळ्यांनाच ठाऊक असते. किनाऱ्यावरची माणसे विश्वासाची आहेत म्हणून बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण दहा-वीस लाखांच्या गाडीची सुरक्षा दुसऱ्याच्या भलेपणावर सोपवायची आणि काही कमीजास्त झाले की त्या बिचाऱ्यावरच संशय घ्यायचा, हे पाहुणा आणि यजमान दोघांवरही अन्याय करणारे आहे. या अडचणीवरचा उपाय जुना आहे: दारावर आकड्यांची बटणे. असा कीपॅड आपल्याकडच्या गाड्यांवर सहसा दिसत नाही. तो दिसायला हवा, आणि किनारपट्टीवर तर आधी.

चावी खिशात घेऊनच पोहायला गेले तर काय होते, तेही पाहू. पूर्वीची नुसती लोखंडी चावी समुद्रातून परत आली की गोड्या पाण्याने धुतली, पुसली, काम झाले. आजच्या चावीच्या पोटात छोटी सर्किट-पाटी, रेडिओ संदेश पाठवणारी चिप आणि तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी असते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी चांगले विजेचे वाहक असते. ते पाटीवर पोचले की बॅटरीचा प्रवाह नको त्या वाटेने वाहू लागतो आणि तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात. चावी त्याच दिवशी बंद पडली नाही, तरी वाळल्यावर मागे उरलेले मीठ हवेतला दमटपणा ओढत राहते आणि गंज आतल्या आत चालू राहतो. नवी स्मार्ट चावी घेऊन ती गाडीशी जुळवून घेण्याचा खर्च हजारोंत जातो, आणि ते काम सहसा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करावे लागते.

फोर्ड कंपनीने १९८० च्या मॉडेलांपासून, थंडरबर्ड आणि लिंकनसारख्या गाड्यांवर, ड्रायव्हरच्या दारावर पाच बटणे दिली. प्रत्येक बटणावर दोन आकडे: १-२, ३-४, ५-६, ७-८, ९-०. कारखान्यातून येणारा पाच आकडी कोड एका कार्डावर छापून मालकाला मिळतो आणि त्याशिवाय मालक स्वतःचे कोड घालू शकतो. कोड दाबला की ड्रायव्हरचे दार उघडते, लगेच ३-४ दाबले की बाकीची दारे उघडतात. बंद करताना कोड लागतच नाही, ७-८ आणि ९-० ही बटणे एकत्र दाबायची. या रचनेतला शहाणपणा मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. आकडा फक्त दार उघडतो, इंजिन चालू करत नाही. आत शिरण्याचा हक्क आणि गाडी घेऊन जाण्याचा हक्क इथे वेगळे ठेवले आहेत. पोहून आलेल्या माणसाला आधी पहिलाच हवा असतो, दुसऱ्यासाठी चावी आत वाट पाहत असते. शिवाय काही मॉडेलांत ड्रायव्हरला वेगळा कोड देता येतो आणि तो कामावरून गेला की पुसून टाकता येतो. किल्लीची दुसरी प्रत कोणी करून ठेवली का, ही धास्ती तिथे उरत नाही.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: पाचच बटणे, मग चोर कोड शोधून काढणार नाही का? हिशेब करून पाहू. पाच बटणे पाचदा दाबण्याचे ३,१२५ प्रकार होतात. तीन आकडी कुलपाच्या बॅगेपेक्षा हे तिपटीहून अधिक, पण एटीएमच्या दहा हजारांपेक्षा कमी. त्यातून शेवटची पाच दाबलेली बटणेच यंत्र तपासत असेल, तर एका विशिष्ट क्रमाने बटणे दाबत गेल्यास ३,१२९ दाबांत सगळे कोड संपतात. सेकंदाला एक धरले तर साधारण ५२ मिनिटे. म्हणून पुढच्या गाड्यांत सात चुकीच्या कोडनंतर, म्हणजे ३५ दाबांनंतर, कीपॅड एक मिनिट गप्प बसतो. मग तीच युक्ती वापरली तरी सगळे कोड संपायला अडीच तासांहून अधिक लागू शकतात, तेही भर किनाऱ्यावर, दाराशी उभे राहून. काच फोडायला काही सेकंद पुरतात, त्यामुळे हा उद्योग कोणी करत बसेल असे वाटत नाही.

खरी कमजोरी गणितात नाही, बोटांत आहे. पुळणीवरून आलेल्या माणसाच्या बोटांना ओलसर वाळू चिकटलेली असते आणि जी बटणे दाबली त्यांवरच ती उरते. कोडात पाचही बटणे एकेकदाच येत असतील आणि पाहणाऱ्याला ते कळले, तर शक्यता ३,१२५ वरून थेट १२० वर येतात. तेवढ्या अर्ध्या तासात तपासून होतात. वर्षानुवर्षे तोच कोड राहिला तर झिजलेली बटणेही तेच सांगतात. म्हणून दार उघडल्यावर पाचही बटणांवरून तळहात फिरवायचा, कोड अधूनमधून बदलायचा आणि जन्मसाल किंवा नंबरप्लेटचे आकडे त्यात आणायचे नाहीत. मासळी बाजारातसुद्धा आज लोक यूपीआयचा पिन आडोसा करून दाबतात, त्यामुळे ही शिस्त नव्याने शिकवावी लागणार नाही. खाऱ्या हवेचा प्रश्नही खरा आहे. स्पर्शाने चालणारी चकचकीत काच ओल्या बोटांना नीट दाद देत नाही. कोकणासाठी हलणारी पण रबराने पूर्ण मढवलेली बटणे बरी. पार्किंगचे सेन्सर आणि मागचा कॅमेरा याच हवेत दिवस काढतात, मग नीट मढवलेली बटणेही काढतील.

दुसरा आक्षेप असा की मोबाईलने दार उघडण्याची सोय आली असताना बटणे कशाला? पण स्कूबाला जाताना मोबाईलही मागेच राहतो, म्हणजे चावीची अडचण फक्त मोबाईलवर ढकलली जाते. शिवाय अॅपवरून दार उघडायला बऱ्याच गाड्यांत नेटवर्क लागते. बॅटरीविना चालणारे एनएफसी कार्ड त्याहून चांगले. ह्युंदाईने २०२४ मध्ये भारतात नव्या अल्काझारबरोबर एनएफसीने दार उघडण्याची सोय आणली. असे कार्ड नीट बंद पाकिटात घालून अंगाशी ठेवता येईल. तरी ती वस्तूच आहे आणि लाटेत हरवू शकते. जग्वारने २०१६ पासून एफ-पेसला मनगटावर बांधायचा जलरोधक पट्टा दिला. त्याने गाडी बंद केली की आत ठेवलेली मूळ चावी निकामी होते आणि पट्ट्याने उघडल्यावरच पुन्हा चालते.

आतली चावी निकामी होण्याची ही गोष्ट मला कीपॅडइतकीच महत्त्वाची वाटते, कारण तिसरा आणि सर्वांत वजनदार आक्षेप तिथेच आहे. स्मार्ट चावी आत असली आणि कोणी काच फोडली, तर स्टार्टचे बटण दाबून गाडी नेता येते. म्हणून कीपॅडने दार बंद झाले की आतली चावी झोपली पाहिजे, आणि कोड दाबूनच जागी झाली पाहिजे. टोयोटाच्या अनेक स्मार्ट चाव्यांत चावीवरचीच बटणे ठरावीक क्रमाने दाबून तिचा संदेश थांबवता येतो, तेव्हा हे अवघड तंत्र नव्हे. बाजारातून आणून नंतर बसवलेल्या कीपॅडला मात्र हे साधत नाही. वायरी कापल्याने वॉरंटीही धोक्यात येऊ शकते. त्यामुळे ही सोय कारखान्यातूनच यायला हवी.

विम्याचे कोडेही इथेच सुटायला हवे. गाडी चोरीला गेली की कंपन्या दोन्ही चाव्या मागतात, आणि चावी आत राहिली होती म्हटल्यावर निष्काळजीपणाचा मुद्दा काढतात. चालकाने इग्निशनला चावी ठेवून उतरल्यावर चोरीला गेलेल्या ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दावा पूर्ण नाकारणे अमान्य केले, पण भरपाई ७५ टक्केच दिली. इग्निशनला लटकणारी चावी आणि कुलूपबंद गाडीत निकामी करून ठेवलेली चावी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो पॉलिसीच्या मजकुरात स्पष्ट लिहिला गेला पाहिजे. तोवर कीपॅड असलेल्या गाडीच्या मालकानेही आपल्या विमा कंपनीकडून याचे उत्तर लेखी घेतल्याशिवाय चावी आत ठेवून पाण्यात उतरू नये.