कोड सिलिंडर सांगतो, दोष नव्हे : इग्निशन कॉइलचे निदान

सिडनीहून ब्लू माउंटन्सकडे निघालेली गाडी सपाट रस्त्यावर सुरळीत धावते. चढ लागताच मात्र आचके देऊ लागते आणि डॅशबोर्डवरील इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागतो. महाराष्ट्रातील गॅरेजांत या दुखण्याला ‘मिसिंग’ म्हणतात, ऑस्ट्रेलियातील मेकॅनिक ‘मिसफायर’ म्हणतो. पेट्रोल गाडीत त्यामागे अनेकदा इग्निशन कॉइल असते.

बॅटरीचा विद्युतदाब अवघा १२ व्होल्ट. स्पार्क प्लगच्या फटीतून ठिणगी उडण्यासाठी मात्र हजारो व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातील प्रवाह एकदम खंडित केला की हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या वेटोळ्यात तो उच्च दाब निर्माण होतो. आजच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. इंजिनाची उष्णता आणि कंपने यांमुळे तिचे आतील विद्युतरोधक आवरण कालांतराने दुबळे होते. चढावर सिलिंडरमधील दाब वाढतो, ठिणगीसाठी अधिक व्होल्ट लागतात आणि दुबळी कॉइल नेमकी तेथे उघडी पडते.

दिवा स्थिर असेल तर गाडी लवकर तपासून घ्यावी. लुकलुकत असेल तर अॅक्सिलरेटरवरील पाय हलका करून सुरक्षित जागी थांबावे. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाते, तेथील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यामुळे अतितप्त होऊन निकामी होऊ शकतो, आणि त्याची किंमत कॉइलच्या कित्येक पट असते. अशा वेळी न्यू साउथ वेल्समध्ये एनआरएमए, व्हिक्टोरियात आरएसीव्ही यांसारख्या संस्थांची रस्त्यावरील मदतसेवा उपयोगी पडते.

पुढची पायरी कोड वाचण्याची. डॅशबोर्डखालील सॉकेटला छोटा स्कॅनर जोडला की नोंद दिसते. ‘पी०३०२’ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, ‘पी०३०३’ म्हणजे तिसऱ्यात. ‘पी०३००’ असल्यास एकाच सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. येथेच घाई होते. कोड सिलिंडर दाखवतो. दोष कॉइलचा, प्लगचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे तो सांगत नाही.

ते ठरवण्याची रीत साधी आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, किल्ली बंद ठेवून, दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलांची अदलाबदल करावी आणि जुना कोड पुसावा. बाकी काहीही हलवू नये. एका वेळी दोन बदल केले तर कोणत्या बदलाने फरक पडला, ते कळणार नाही. मग इंजिन तापेपर्यंत गाडी चालवावी, कारण काही कॉइली तापल्यावरच दगा देतात. आता ‘पी०३०३’ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच दोषी. ‘पी०३०२’ कायम राहिला तर कॉइल बहुधा निर्दोष. मग प्लग, इंजेक्टर, वायरिंग यांकडे वळावे. चालू इंजिनावर कॉइल उपसून पाहण्याचा जुना प्रयोग मात्र टाळावा. तो विद्युतदाब धोकादायक असतो.

नवी कॉइल बसवण्यापूर्वी प्लगही पाहावा. झिजलेल्या प्लगची फट रुंदावते आणि कॉइलवर ताण येतो. प्लगच्या खोबणीत ऑइल साचले असेल तर गळका गास्केटही बदलावा लागतो. मूळ कारण तसेच राहिले तर नवी कॉइलही लवकर जाईल.

हे काम स्वतः करायचे नसले तरी गॅरेजात तीन प्रश्न विचारता येतात : कोड कोणता आला? अदलाबदल करून पाहिली का? काढलेला भाग दाखवाल का? गाडी कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये नेली पाहिजे, असेही नाही. १ जुलै २०२२ पासून ऑस्ट्रेलियात कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मेकॅनिकांनाही वाजवी दराने उपलब्ध करून देणे कायद्याने बंधनकारक आहे. ‘कन्व्हर्टर बदला’ असा सल्ला मिळाला, तर हे तीन प्रश्न आधी विचारावेत.