अर्ध्या सेकंदात मुरलेलं पाणी

लिनक्सवर फायली लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनात २०२४ मध्ये छुपं मागचं दार सापडलं. त्या प्रकरणाच्या बातम्यांत तेव्हा एकच प्रश्न घोळत होता: हे केलं कुणी? ते दार बसवणाऱ्या ‘जिया टॅन’ या नावामागे कोण आहे, कुठल्या देशाचं गुप्तहेर खातं आहे? उत्तर कुणाकडेच नाही. मला मात्र दुसऱ्याच प्रश्नानं धरून ठेवलं आहे. हे सापडलं कसं?

सापडलं ते अर्ध्या सेकंदामुळे. आंद्रेस फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतात आणि पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मुख्य विकासकांपैकी एक आहेत. आपण सुरक्षातज्ज्ञ नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. डेबियन या लिनक्स वितरणाच्या अस्थिर आवृत्तीवर ते पोस्टग्रेसची बारीक मोजमापं घेणार होते. हे मोजमाप म्हणजे सोनाराचा तराजू, पंख्याचा वारासुद्धा चालत नाही. म्हणून आधी मशीन शांत करायचं, बाकीचं सगळं बंद करायचं. ते करताना त्यांना दिसलं, की दूरवरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर उगाचच प्रोसेसर खातोय. इंटरनेटवरच्या कुठल्याही मशीनवर चुकीची नावं टाकून घुसू पाहणारे बॉट येतच असतात. पण नाव चुकलं की त्यांना तिथल्या तिथे हाकलायचं असतं, त्यात दमण्यासारखं काय आहे?

इथे दहातले नऊ जण पुढे गेले असते. फ्रॉइंड यांनी वेळ कुठे जातो ते दाखवणारा प्रोफायलर लावला. वेळ एक्सझेडच्या ‘लिबएलझेडएमए’ या लायब्ररीत जात होता, पण नेमक्या कोणत्या फंक्शनमध्ये, ते प्रोफायलरला सांगता येईना. मग त्यांना आठवलं, की काही आठवड्यांपूर्वी पॅकेजं अद्ययावत केल्यावर पोस्टग्रेसच्या चाचण्यांत मेमरी तपासणाऱ्या ‘व्हॅलग्राइंड’नं एक विचित्र तक्रार केली होती. दोन्ही गोष्टी जुळल्या. अस्तित्वात नसलेल्या नावानं लॉगिन करून त्यांनी वेळ मोजली. नव्या एक्सझेडच्या आधी ०.२९९ सेकंद, नंतर ०.८०७ सेकंद. पाणी कुठेतरी मुरत होतं. २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांनी ते जगजाहीर केलं.

या कारस्थानाची जागा पाहिली तर मन थक्क होतं. लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत ‘आयफंक’ नावाची सोय आहे. प्रोसेसर नवा असेल तर त्याला मानवणारं वेगवान फंक्शन घ्यायचं, जुना असेल तर साधं. ही निवड प्रोग्रॅम सुरू होतानाच होते. एक्सझेडमध्ये चेकसम काढण्यासाठी ती वापरली होती. घुसखोरानं नेमका हा क्षण गाठला, कारण तेव्हा फंक्शनांचे पत्ते अजून बदलता येतात. आरएसए सही तपासणाऱ्या फंक्शनच्या जागी त्यानं आपलं फंक्शन बसवलं. खास किल्ली जवळ असणाऱ्याचे हुकूम मग लॉगिनशिवाय चालणार होते. एसएसएच स्वतः एक्सझेड वापरतच नाही. काही लिनक्स वितरणांनी तो मशीनवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीशी जोडला आणि सिस्टमडीमागून ही लायब्ररी आत आली.

मग तो अर्धा सेकंद कशात गेला? हवं ते फंक्शन शोधायला घुसखोराच्या कोडला मेमरीतल्या नावांच्या याद्या चाळाव्या लागत होत्या. ती नावं साध्या मजकुरात लिहिली असती तर कुणाच्याही नजरेस पडली असती, म्हणून ती आडवळणानं साठवली होती. लपण्याची किंमत त्यानं वेळेत मोजली. वेगासाठी केलेल्या सोयीतून तो आत आला आणि वेग मोजणाऱ्या माणसाच्या हाती सापडला.

एक्सझेड सांभाळणारे फिनलंडचे लासे कॉलिन यांना यात दोष देऊ नये. हे बिनपगारी काम आहे आणि आपल्या मानसिक आरोग्याच्या अडचणी आहेत, असं त्यांनी २०२२ मध्येच लिहिलं होतं. तरीही नवा मेंटेनर आणा म्हणून त्यांच्यावर दबाव येत राहिला आणि त्यातूनच ‘जिया टॅन’ला शिरकाव मिळाला. जगभरातल्या कंपन्या त्यांचा कोड फुकट वापरत होत्या.

पुन्हा त्या अर्ध्या सेकंदाकडे येऊ. आपल्याकडे प्रोग्रॅमचा वेग सुधारणं हा चैनीचा विषय समजतात. अर्धा सेकंद वाढला? सर्व्हर वाढवा. त्याच्या समर्थनार्थ संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांचा १९७४ मधला सल्ला हमखास सांगतात, की ९७ टक्के वेळा किरकोळ बचतीच्या मागे लागू नये. उरलेल्या ३ टक्क्यांत मात्र संधी सोडू नका, असं त्यांनी लगेच पुढे बजावलं होतं. ते कुणी सांगत नाही. शिवाय ते ३ टक्के कोणते, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत अल्गोरिदमची गुंतागुंत पाठ करून घेतात, पण प्रोफायलर हातात देऊन ‘हा वेळ कुठे गेला ते शोध’ असं सांगणारा तास मला अजून दिसलेला नाही.

ज्यांच्या हाती लिनक्सची मशीन आहेत त्यांनी एक्सझेडची आवृत्ती आजच पाहावी. ५.६.० किंवा ५.६.१ असेल तर ती लगेच काढावी. आणि पुढचं कुठलंही पॅकेज बदलण्याआधी आपल्या प्रोग्रॅमला लागणारा वेळ मोजून कुठेतरी लिहून ठेवा, म्हणजे नंतरचा आकडा पडताळून पाहता येईल.