कालवांच्या पाण्यात सोडा

संपादकांनी कालवांच्या शेतीवर लेख मागितला, तेव्हा डोळ्यांपुढे आल्या ओहोटीला खडकावरची कालवं फोडणाऱ्या कोकणातल्या बायका. वाचत गेलो आणि अडकलो मात्र अमेरिकेत, ऑरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या व्हिस्की क्रीक हॅचरीत.

नेटार्ट्‌स खाडीकाठची ही हॅचरी पॅसिफिक कालवांची पिल्लं वाढवून शेतकऱ्यांना विकते. ही जात मूळची जपानची. अमेरिकेच्या या किनाऱ्यावरच्या थंड पाण्यात तिची आपसूक पैदास बेभरवशाची, म्हणून बरीचशी शेती हॅचरीच्या बियाण्यावर चालते. लाखो पिल्लांचा गोळा मुठीत मावतो. तो ओल्या कापडात गुंडाळून, थंड ठेवून पार्सलने पाठवतात.

२००७ साली टाक्यांतली पिल्लं मरू लागली. संशय आला जिवाणूंवर. पाणी निर्जंतुक करायची महागडी यंत्रणा बसवली, तरी मर थांबेना. दोष पाण्यातच होता. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर सरकतं आणि खोलातलं थंड पाणी वर येतं. त्यात कार्बन डायऑक्साइड मुळातच जास्त. माणसाच्या धुराची भर वेगळी.

अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिल्या दोनेक दिवसांत कवच उभं करतं. या काळात त्याची मदार अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू (पीएच) उतरला की कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं, बांधकामाला जास्त ताकद खर्ची पडते आणि शिदोरी वाटेतच संपते.

ऑरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या बर्क हेल्स यांनी यावर एक यंत्र जुळवलं. खाडीचं पाणी त्यातून सतत वाहत राहतं आणि पाण्यात विरघळलेल्या कार्बनचा हिशेब तिथल्या तिथे मिळतो. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘बर्कोलेटर’. आकडे पाहून हॅचरीने पाणी भरायची वेळ बदलली. रात्रभर श्वसन करून खाडीतलं गवत पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडतं, दिवसा उन्हात तोच शोषून घेतं; म्हणून सकाळपेक्षा दुपारचं पाणी बरं. तरी कमी पडलं तर टाकीत सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, मोजून मिसळायचा. २०१२ साली या मरीमागचं कारण सांगणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तोवर हॅचरी सावरू लागली होती.

शेतकऱ्याचा घोर त्याने मिटला नाही. कालव बाजारात जायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे बियाण्याचा आज पडलेला खाडा विक्रीत पुढे कधीतरी दिसतो. हप्ते मात्र थांबत नाहीत. वॉशिंग्टन राज्यातल्या एका कंपनीने तर थेट हवाई बेटांवर हॅचरी उभारली. छोट्याला ते परवडत नाही. शिवाय उन्हाळ्यात पाणी तापलं की कच्ची कालवं खाणाऱ्यांना बाधणारे जिवाणू वाढतात आणि ऐन हंगामात काढणी बंद ठेवावी लागते. जून २०२१ मध्ये तिथे आलेल्या उष्णतेच्या लाटेत तर ओहोटीला उघडे पडलेले शिंपले जागच्या जागी शिजले.

टाकीत सोडा घालता येतो, अख्ख्या खाडीत नाही. त्यातून आज वर येणारं पाणी हवेला शेवटचं भिडलं त्याला तीस ते पन्नास वर्षं झाली. गेल्या काही दशकांतला आपला धूर पोटात घेतलेलं पाणी अजून वाटेत आहे. उद्या सगळी धुराडी थंडावली, तरी या हॅचरीला पुढची कित्येक वर्षं सोडा विकत घ्यावाच लागणार.